श्रीमंतांची आज्ञा आणि सांगलीकर नाटक मंडळी

संस्थेचा इतिहास लिहायचा तर आधी तिची घटना, नोंदणी आणि पहिल्या कार्यकारिणीची यादी हाती घ्यावी लागते. सांगलीकर नाटक मंडळीचा जन्म या साऱ्या व्यवस्थेच्या आधीचा. संस्थानिकाने पदरच्या एका तरुणाला आज्ञा केली, त्याने वाड्यातली आणि गावातली मुले गोळा केली आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले. त्या प्रयोगाच्या शतकोत्तर अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी हा वृत्तान्त लिहिताना एक गोष्ट सतत मनाशी राहिली. आज्ञा करणारे श्रीमंत आठ वर्षांत कैलासवासी झाले, तरी नाटक थांबले नाही. वाड्यात जन्मलेला खेळ पैसे मोजून येणाऱ्या माणसाच्या पसंतीवर जगायला शिकला, आणि त्यातूनच मराठी रंगभूमी नावाची गोष्ट उभी राहिली.

राजाश्रयाने मराठी नाटक होणे हे सांगलीच्या आधीही घडले होते. तंजावरच्या भोसले राजांनी, विशेषतः शहाजीराजांनी, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी नाटके रचली. त्यांचे मोल मोठे आहे. पण ती नाटके दूरदेशीच्या दरबारात राहिली आणि त्यांची हस्तलिखिते पुढे सरस्वती महाल ग्रंथालयात विसावली. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकापर्यंत अखंड चालत आलेली वाट सांगलीच्या वाड्यातून निघते, म्हणून आरंभाचा मान सांगलीकडे येतो.

१८४० चे दशक : आज्ञा आणि पहिला प्रयोग

मिरजेच्या पटवर्धन घराण्यात वाटणी होऊन १८०१ साली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी सांगली ही आपली राजधानी केली. कृष्णाकाठचे लहानसे गाव त्यांनी पुढच्या चार-पाच दशकांत शहरपणाला आणले. गणेशदुर्ग बांधला, गणपतीचे मंदिर उभारले, विद्वान आणि कलावंत जवळ केले. त्यांचे संस्थान दोन भाषांचे होते. मंगळवेढा मराठी, तर शहापूर, तेरदाळ, शिरहट्टी या भागांत कानडीचा वावर. त्यामुळे कारवार बाजूचे भागवत मंडळींचे खेळ सांगलीला परके वाटण्याचे कारण नव्हते.

१८४२ साली असाच एक भागवतांचा मेळा सांगलीस आला. होन्नावरजवळच्या कर्की गावची ही मंडळी यक्षगान करीत. अप्पासाहेबांनी त्यांचा खेळ पाहिला. सोंगे आणि संगीत त्यांच्या मनात भरले, पण खेळातला रांगडेपणा त्यांना खटकला. हाच प्रकार मराठीत, नेटकेपणाने आणि रसाने सजवून करता येईल का, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी विष्णु अमृत भावे (पुढचे विष्णुदास भावे) या तरुणाला तशी आज्ञा केली.

निवड अचूक होती, असे आज म्हणता येते. विष्णूचे वडील अमृतराव संस्थानच्या चाकरीत होते. मुलगा मात्र रूढ अर्थाने चाकरीच्या कामाचा नव्हता. मातीची चित्रे करावी, लाकडाच्या बाहुल्या कोराव्या, गोष्टी रचून सांगाव्या, पदे जुळवावी, यात त्याचा दिवस जाई. ज्या छंदांबद्दल घरी बोलणी खावी लागतात, नेमके तेच छंद इथे कामी आले. सोंगाला मुखवटा हवा, आख्यानाला पदे हवीत, पात्रांच्या हालचाली बसवायला बाहुल्या नाचवणाऱ्याची नजर हवी. हे सगळे एकाच माणसात सापडण्याचा योग श्रीमंतांनी ओळखला. भाव्यांच्या त्या लाकडी बाहुल्यांना आपल्या काळात रामदास पाध्ये यांनी पुन्हा रंगमंचावर आणले, ही या परंपरेतली आनंदाची गोष्ट आहे.

आज्ञा झाली तरी अडचणी सुटल्या नाहीत. पुढे कोणताही नमुना नव्हता. भागवतांचे अनुकरण करायचे नाही, इतकेच ठरलेले. भाव्यांनी रामकथा घेतली, तिच्यातले प्रसंग निवडले, प्रत्येक प्रसंगाची पदे रचली. खरी कसोटी पुढे होती. चांगल्या घरातल्या मुलांनी तोंडाला रंग लावून चारचौघांत नाचावे, मुलाने लुगडे नेसून सीता व्हावे, हे त्या काळच्या समाजाला मानवणारे नव्हते. पंक्तीला बसू द्यायचे की नाही इथवर गोष्टी आल्या. अशा वेळी श्रीमंतांचा शब्द आड उभा राहिला. खर्च संस्थानने उचलला. या उद्योगात पडलेल्यांना संस्थान वाऱ्यावर सोडणार नाही, असा भरवसा मिळाला. राजाज्ञेचे महत्त्व इथे आहे. पैसा सावकारही देता, पण लोकनिंदेपासून त्या मुलांचे रक्षण दुसऱ्या कोणाला करता आले नसते.

तो प्रयोग कसा झाला असेल? भाव्यांच्या नाटकांची जी रीत पुढे रूढ झाली, तिच्यावरून चित्र डोळ्यांपुढे येते. समोर एक साधा पडदा. बाजूला सूत्रधार आणि त्याचे साथीदार, टाळ आणि मृदंग घेऊन. सूत्रधाराने मंगलाचरण म्हणताच पाने अंगाभोवती गुंडाळलेला विदूषक उड्या मारीत येई आणि त्याचा व सूत्रधाराचा विनोदी संवाद चाले. आज कोणते आख्यान होणार हे त्यातूनच प्रेक्षकांना कळे. मग गजाननाचे स्तवन होऊन सोंडेचा मुखवटा घातलेला गणपती प्रकट होई आणि निर्विघ्नाचा वर देऊन जाई. त्यामागून सरस्वती. तिच्या कमरेला मोराची आकृती बांधलेली असे, त्यामुळे ती मोरावर बसून नाचते आहे असे दिसे. ही दोन्ही दैवते आशीर्वाद देऊन गेली की आख्यानाला सुरुवात.

यापुढची पद्धत आजच्या प्रेक्षकाला नवलाची वाटेल. नाटकातली सगळी पदे सूत्रधारच म्हणे. पात्रे त्या पदाच्या अर्थाप्रमाणे अभिनय करीत आणि पद संपले की आपापल्या शब्दांत भाषण करीत. ही भाषणे लिहिलेली नसत. कथा ठाऊक, प्रसंग ठाऊक, बाकी नटाच्या जिभेवर. देवांची पात्रे, राक्षसांची पात्रे आणि स्त्रीपात्रे अशी वाटणी असे आणि त्या त्या कामात तरबेज झालेला नट सहसा तेच काम करी. राक्षस आला की बैठक सावरून बसावे लागे. तो तलवार परजीत, आरडाओरड करीत, पडद्याआडून झेप घेई. या राक्षसी आरोळीवरूनच पुढच्या पिढीने या नाटकांना ‘अललडुर्र’ नाटके म्हटले. त्या शब्दात थोडी थट्टा आहे. पण ज्या लोकांनी रंगभूमी पाहिलीच नव्हती त्यांना एका जागी रात्रभर बसवून ठेवण्याचे काम या आरोळीने केले, हे विसरता येत नाही.

श्रीमंत प्रसन्न झाले आणि भाव्यांनी रामायणातली आणखी आख्याने रचली. अप्पासाहेब असेपर्यंत सांगलीच्या वाड्यात नाटकांना खंड पडला नाही. पहिल्या प्रयोगातल्या मुलांची नावे आज आपल्यापाशी नीट यादीने नाहीत. पदे भाव्यांची, पाठबळ श्रीमंतांचे, हे खरेच. पण ज्यांनी लोकनिंदा अंगावर घेऊन रंग लावला, ज्यांनी मुखवटे घडवले, मशाली धरल्या, पडदा धरून उभे राहिले, त्या सर्वांची ही संस्था आहे. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर मान त्यांचा असायला हवा.

१८५० चे दशक : वाड्याबाहेर

१८५१ साली अप्पासाहेब वारले. त्यांच्यामागे कारभाराची घडी बदलली आणि नाटकाच्या खर्चाला पूर्वीसारखा हात मिळेना. भाव्यांच्या डोक्यावर कर्ज झाले होते. शब्द देणारा गेला होता आणि शब्दावर विसंबून आलेली माणसे भोवती उभी होती. त्या काळी संस्थानात काय बोलणी झाली, कोणी कोणती बाजू घेतली, यात शिरण्याचे हे स्थळ नाही. परिणाम मात्र मराठी माणसाच्या भाग्याचा झाला. भाव्यांनी पेटारे बांधले आणि मंडळी घेऊन ते गावोगाव निघाले.

फिरत्या नाटक मंडळीची परंपरा इथे सुरू झाली. गावोगाव मुक्काम करायचा, खेळासाठी जागा पाहायची, मोठ्या असामींच्या भेटी घ्यायच्या, खेळ करायचे, जमेल तेवढे गाठीला बांधून पुढच्या गावाला जायचे. पुढे शंभर वर्षे मराठी नटाने हेच आयुष्य काढले.

१८५३ साली मंडळी मुंबईस पोहोचली. आधी खासगी जागेत खेळ झाले आणि मार्च महिन्यात ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग झाला. मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी निघायला अजून महिना होता, हे लक्षात घेतले म्हणजे सांगलीहून घाट उतरून तिथवर जाण्याचे धाडस कळते. हे नाट्यगृह नाना शंकरशेट यांच्या पुढाकारातून १८४६ साली उभे राहिले होते आणि तिथे तोवर इंग्रजी खेळांचा राबता होता. त्या रंगमंचावर रामायणातली पात्रे मराठी बोलू लागली. प्रेक्षकांत मराठी होते, गुजराती होते, पारशी होते, काही साहेब लोकही होते.

सांगलीत प्रेक्षक श्रीमंतांचे पाहुणे म्हणून येत. ग्रँट रोडला तेच आसन पैसे देऊन घ्यावे लागे, आणि पैसे देणाऱ्याला नाटक नापसंत ठरवण्याचा हक्क होता. भाव्यांनी हे नवे धनी ओळखले. केवळ मराठीवर न थांबता त्यांनी गोपीचंदाचे आख्यान हिंदुस्थानीत केले, कारण मुंबईच्या बाजारपेठेत तीच सर्वांना कळणारी भाषा होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पारशी मंडळींनी त्याच नाट्यगृहात आपले पहिले नाटक केले. भाव्यांच्या खेळांनी त्यांना उमेद दिली, असे अभ्यासक सांगत आले आहेत. पुढे पारशी रंगभूमी देशभर पोहोचली आणि तिच्या मागून बोलपटही आला. सांगलीच्या आज्ञेचा पल्ला इतका लांबचा आहे.

१८६० आणि १८७० चे दशक : एका मंडळीच्या अनेक मंडळ्या

१८६० नंतरच्या वर्षांत विष्णुदास प्रत्यक्ष कामातून बाजूला झाले आणि सांगलीस स्थिर झाले. मंडळीतले जुने-नवे सूर, वाटणीचे प्रश्न, कोणी कोठे जावे याबद्दलचे मतभेद हे कुठल्याही वाढत्या संस्थेत असतात, तसे इथेही असणारच. त्या सर्वांतून निघालेले फळ गोड आहे. इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा कितीतरी मंडळ्या उभ्या राहिल्या. नावावरून गाव कळावे, ही सांगलीकरांचीच रीत त्यांनी उचलली. इचलकरंजीकरांनी तर विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ रंगभूमीवर आणले. देवदानवांच्या जागी मराठी इतिहासातला माणूस उभा राहिला आणि नटाला लिहिलेली भाषणे पाठ करावी लागली. भाव्यांच्या पद्धतीला बसलेला हा पहिला मोठा धक्का, आणि तो त्यांच्याच मार्गाने आलेल्यांनी दिला.

१८८० चे दशक : संगीत नाटकाचा उदय

ज्या वर्षी सांगलीला ‘सीता स्वयंवर’ झाले, त्याच वर्षी गुर्लहोसूरला बळवंत पांडुरंग किर्लोस्करांचा जन्म झाला. तरुणपणी त्यांनी जुन्या पद्धतीच्या मंडळ्यांसाठी आख्याने आणि पदे रचली होती, म्हणजे त्यांचे शिक्षण भाव्यांच्या शाळेतच झाले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांनी ‘शाकुंतल’ केले आणि पदे म्हणण्याचा सूत्रधाराचा मक्ता संपला. आता शकुंतला स्वतः गाऊ लागली. १८८२ साली ‘सौभद्र’ आले आणि संगीत नाटक मराठी घराघरांत गेले. सूत्रधार नटीला घेऊन पडद्यापुढे येतो, नांदी होते, ही सुरुवात मात्र टिकली. तिच्यात संस्कृत नाटकाचा वारसा आहे, तसा भाव्यांच्या मंगलाचरणाचाही.

१८८५ साली विष्णुदासांनी ‘नाट्यकवितासंग्रह’ प्रसिद्ध केला. आयुष्यभर रचलेली पदे एकत्र करून छापावी आणि हा उद्योग कसा सुरू झाला ते स्वतःच्या शब्दांत नोंदवावे, ही दूरदृष्टी त्यांनी दाखवली नसती तर आज आपल्यापाशी आख्यायिकाच उरल्या असत्या.

१८९० ते १९१० : कृष्णाकाठचे नाटककार

सांगलीपासून जवळच, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हरिपूर. गोविंद बल्लाळ देवल इथले. जरठ श्रीमंताला कोवळी मुलगी देण्याच्या चालीवर त्यांनी ‘शारदा’ लिहिले आणि १८९९ साली ते रंगभूमीवर आले. भाव्यांच्या सीतेला धनुष्य उचलणारा वर मिळाला होता. देवलांच्या शारदेवर आलेले संकट पुराणातले नव्हते, प्रेक्षकाच्या आळीतले होते. पन्नास-साठ वर्षांत नाटक किती पुढे आले याची याहून चांगली खूण दाखवता येणार नाही. ९ ऑगस्ट १९०१ रोजी विष्णुदास भावे गेले, त्याआधी त्यांना हे पाहायला मिळाले.

सांगलीतच जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर पुढच्या टप्प्याचे मानकरी. त्यांच्या ‘कीचकवधा’त महाभारतातलाच प्रसंग होता. पण कीचकात लॉर्ड कर्झन आणि द्रौपदीत पिडलेला देश लोकांना दिसला. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याचा आधार सरकारच्या हाती होताच. १९१० साली या नाटकावर बंदी आली. एका राज्यकर्त्याच्या आज्ञेने ज्या गावात नाटक सुरू झाले, त्याच गावच्या नाटककाराचे नाटक दुसऱ्या राज्यकर्त्याच्या आज्ञेने बंद पडले. नाटक आता राज्यकर्त्याला भीती वाटावी इतके समर्थ झाले होते. सांगलीकरांनी अभिमान बाळगावा अशी ही बंदी आहे.

१९१० ते १९३० : संस्थानांचा आश्रय

या काळात संस्थानिकांचा आश्रय नव्या रूपात दिसतो. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड, कोल्हापूरचे शाहू महाराज, इंदूरचे होळकर यांच्या दरबारी नाटक मंडळ्यांना बोलावणी जात, प्रयोग होत, बिदागी मिळे. ही बोलावणी मंडळ्यांना मोसमभर तारून नेत. कंपनीचे कर्ज, पावसाळ्यातला रिकामा मुक्काम, आजारपणे या सगळ्यात दरबारच्या एका बोलावण्याचा आधार काय असतो, हे जुन्या नटांच्या आठवणी वाचल्या की समजते.

शाहू महाराजांचे नाव इथे थांबून घ्यायला हवे. लहानग्या नारायण राजहंसाच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेच्या मिशन दवाखान्यात उपचार व्हावेत, म्हणून त्यांनी लक्ष घातले. किर्लोस्कर मंडळीत त्याचा प्रवेश झाला तोही महाराजांच्या शब्दाच्या पाठबळावर. १९०५ साली मिरजेतच त्याने शकुंतलेची भूमिका केली आणि महाराष्ट्राला बालगंधर्व मिळाले. अप्पासाहेबांनी नाटकाला आज्ञा दिली, शाहू महाराजांनी नाटकाला माणूस दिला, आणि १९१५ साली कोल्हापुरात पॅलेस थिएटर बांधून नाटकाला घरही दिले. वाड्यातल्या दालनात ज्याची सुरुवात झाली, त्याला शेजारच्या संस्थानात स्वतंत्र वास्तू मिळाली. पुढे १९५७ साली तिला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले.

त्याच केशवरावांनी आणि बालगंधर्वांनी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात खाडिलकरांचे ‘मानापमान’ एकत्र केले. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला हा संयुक्त प्रयोग. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे धनी एका रंगमंचावर उभे राहिले ते कोणा राजाच्या हुकुमाने नव्हे, देशकार्यासाठी.

तिशीच्या दशकात बोलपट आला. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ झळकला, नाटकगृहांची चित्रपटगृहे झाली आणि एकेक कंपनी बंद पडत गेली. नटांच्या हालअपेष्टा फार झाल्या.

१९४० चे दशक : शताब्दी आणि विलीनीकरण

अशा पडत्या काळात १९४३ साल उजाडले. सांगलीकरांनी ठरवले की शंभरावे वर्ष सांगलीतच साजरे व्हायचे. नाट्यसंमेलन भरले, अध्यक्षस्थानी स्वातंत्र्यवीर सावरकर होते. ते स्वतः नाटककार, ‘उःशाप’ आणि ‘संन्यस्त खड्ग’ त्यांच्या नावावर. महायुद्धाचे दिवस, धान्याची टंचाई, आणि तरीही महाराष्ट्रभरचे नाट्यप्रेमी सांगलीला लोटले. या शताब्दीने दोन कामे केली. विस्मरणात जाऊ लागलेले विष्णुदास पुन्हा समाजासमोर आले, आणि नाटक ही जपण्याची ठेव आहे ही जाणीव संस्था काढण्यापर्यंत पोहोचली. अखिल महाराष्ट्र नाट्य विद्या मंदिर समिती ही त्या जाणिवेचीच देणगी. कोणा एकाचे नाव पुढे करण्यापेक्षा त्या पिढीतल्या वकील, डॉक्टर, शिक्षक, व्यापारी आणि नट अशा सर्वांनी वर्गणी आणि वेळ देऊन हे काम उभे केले, असेच म्हणणे न्यायाचे होईल.

१९४८ च्या मार्च महिन्यात सांगली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. आता श्रीमंत नव्हते, दरबार नव्हता, राजाज्ञाही नव्हती. पहिल्या आज्ञेला तेव्हा एकशे पाच वर्षे होत आली होती.

१९५० नंतर : समिती, पदक आणि हौशी रंगकर्मी

नव्या राज्यकर्त्यांनी नाटकाकडे दुर्लक्ष केले नाही. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली आणि हौशी कलावंताला वर्षातून एकदा हक्काचा रंगमंच मिळाला. बँकेतला कारकून, शाळेतले मास्तर, कारखान्यातला फिटर दिवसाचे काम आटोपून रात्री तालमीला येऊ लागले. सांगली केंद्रावरच्या स्पर्धांनी या भागात नट, दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार यांची पिढ्यान्‌पिढ्या जोपासना केली.

साठचे दशक उजाडण्याच्या सुमारास समितीने विष्णुदास भावे गौरवपदक सुरू केले. पहिले मानकरी बालगंधर्व. थकलेले, गाणे ओसरलेले, पण महाराष्ट्राच्या हृदयातले स्थान न ढळलेले बालगंधर्व सांगलीचे पदक स्वीकारतात, यापेक्षा उचित आरंभ कोणता? तेव्हापासून नट, नाटककार, दिग्दर्शक, गायक अशा साऱ्यांना हे पदक मिळत आले आहे, आणि कलावंत ते आपल्या कारकिर्दीवरची घरची मोहोर मानतात. भावे नाट्यमंदिरामुळे सांगलीला नाटकाची स्वतःची वास्तू लाभली. २०१२ च्या जानेवारीत श्रीकांत मोघे यांच्या अध्यक्षतेखाली नाट्यसंमेलन पुन्हा सांगलीला भरले, तेव्हा ‘नाट्यपंढरी’ हे बिरुद सार्थ करण्याची संधी नव्या कार्यकर्त्यांना मिळाली आणि त्यांनी ती वाया घालवली नाही.

सध्याचे कार्य

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून आता सगळीकडे पाळला जातो. नाट्यगृहांतून नटराजपूजन होते, ज्येष्ठांचा सन्मान होतो. सांगलीत त्या दिवशी गौरवपदक प्रदान केले जाते. स्पर्धांचा मोसमही याच सुमारास सुरू होत असल्याने दिवाळीच्या मागेपुढे गावातल्या तालमींना रंग चढलेला असतो.

एक काम अजून उरले आहे आणि ते हाती घेण्यासारखे आहे. सांगली, मिरज, हरिपूर, इचलकरंजी या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत पूर्वज नाटक मंडळीत असल्याच्या आठवणी आहेत. कोणाकडे जुने हँडबिल असेल, कोणाकडे आख्यानाची वही, कोणाकडे पिवळा पडलेला फोटो. अशा कुटुंबांनी ही चीजवस्तू माळ्यावरून खाली काढावी, वहीची दोन पाने तरी झेरॉक्स करून समितीच्या कार्यकर्त्यांना दाखवावी आणि त्या पूर्वजाचे नाव, गाव, तो करीत असलेले काम लिहून द्यावे. सीतेच्या, राक्षसाच्या, विदूषकाच्या पात्रांपुढे माणसांची नावे लागली, तर पुढच्या स्मरणिकेत ती यादी छापता येईल.